रोखशेठची तडजोड

रोखशेठला आयुष्यात कुणाचं देणं नव्हतं, आणि ही गोष्ट माहीत नसलेला माणूस त्याच्या ओळखीत नव्हता. एखाद्याला नसलीच माहीत, तर पहिल्या पाच मिनिटांत तो स्वतःच सांगून टाकी. त्याचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. लोक घरं बदलत, गावं बदलत, नवरा-बायको वेगळे होत, म्हातारी माणसं जात, आणि मागे उरलेली कपाटं, पलंग, आरसे आणि डुलत्या खुर्च्या रोखशेठकडे येत. घ्यायचं रोख, विकायचं रोख. त्याचं खरं नाव बाजारात कुणाला आठवत नव्हतं. बायकोलाही ते फक्त सरकारी कागदांवर भेटत असे.

घासाघीस करण्याची त्याची एक ठरलेली पद्धत होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. आधी वस्तूचं तोंडभर कौतुक करायचं. मग एखाद्या खोटीवर हळूच बोट ठेवायचं, म्हणजे पाय जरा हलतोय, आरशाचा पारा उडालाय असं काहीतरी. समोरच्याने किंमत सांगितली की काही म्हणजे काही बोलायचं नाही, चष्मा काढून तो रुमालाने पुसत बसायचं. शांतता फार थोड्या लोकांना सोसते. समोरचा माणूस आपणहून खाली उतरतो. तो उतरला की उठायचं, दारापर्यंत जायचं, तिथे थांबायचं आणि "बरं, चहा तरी पाजा" म्हणत परत येऊन बसायचं. चहा संपेपर्यंत किंमत निम्म्यावर आलेली असते. या पद्धतीने त्याने एका निवृत्त न्यायाधीशाचं जेवणाचं टेबल असं काही स्वस्तात उचललं होतं की न्यायाधीशाने वर दोन खुर्च्या दिल्या.

अशा माणसाला जावई मिळाला तो हप्तेवाला. जावई लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, शांत स्वभावाचा आणि हसतमुख होता, पण घरात नजर टाकावी तिथे हप्ता. फोन हप्त्यावर, कपडे धुवायचं मशीन हप्त्यावर, दुचाकी हप्त्यावर, आणि ज्या सोफ्यावर सासऱ्याला मानाने बसवायचं तोही हप्त्यावर. जुन्या फर्निचरच्या व्यापाऱ्याला नव्या सोफ्यावर बसवणं हाच मुळात एक अपमान होता, त्यात तो उसन्या पैशांचा.

"जावईबापू," तो एकदा भरल्या ताटावर म्हणाला होता, "तुमच्या घरात हप्त्यावर नसलेली एकच गोष्ट आहे, आमची मुलगी."

"अहो, गप्प बसा की," बायको म्हणाली होती. जावई मात्र मनापासून हसला आणि त्याने सासऱ्याला आणखी भात वाढला. रोखशेठला त्याचा जास्तच राग आला, कारण चिडत नाही अशा माणसाला पाण्यात पाहणं फार अवघड जातं.

मुलगी कान तपासायची. कुणाला किती ऐकू येतं, कुठला आवाज हरवलाय, कानात कुठलं यंत्र बसवायचं हे ती बघायची. आजवर ती दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी करत होती. आता मोठ्या इस्पितळाच्या समोरच एक दातांचे डॉक्टर आपल्या दोन खोल्या सोडून चालले होते, आणि त्या खोल्या तिला हव्या होत्या. जागामालकाने महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, त्यापुढे एक दिवसही नाही, कारण एक चष्मेवाला अनामत रक्कम खिशात घेऊन रोज चक्कर मारत होता. खोल्यांचं भाडं तिला जमणार होतं. जमत नव्हतं ते तपासणीचं मशीन आणि ज्यात बसवून कान तपासतात ती आवाजबंद केबिन. त्यासाठी कर्ज हवं होतं.

रोखशेठने आधी अर्थातच कानांवर हात ठेवले. कर्ज? आपल्या घरात? मग त्याने स्वतःची गंगाजळी मोजून बघितली तेव्हा एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. त्याचा सगळा पैसा पलंगांत आणि कपाटांत होता. रोखशेठकडे रोख सोडून सगळं होतं. तेव्हा त्याने मोठ्या मनाने मुलीला एक कर्ज माफ केलं, म्हणजे ते घ्यायची परवानगी दिली, आणि वर म्हणाला, "बँकवाले तुला धावत येऊन देतील. आपलं घराणं स्वच्छ आहे."

आठवड्याभराने मुलगी दुपारी दुकानात आली आणि विकाऊ आरामखुर्चीत बसली. बँकेने अर्ज नाकारला होता.

"मला वाटलंच होतं," रोखशेठ म्हणाला. "जावईबापूंचे हप्ते नडले."

"नाही बाबा. त्याचा यात काही संबंध नाही. माझा रिपोर्ट खराब आहे."

"कसला रिपोर्ट? तब्येतीचा?"

"क्रेडिट रिपोर्ट. कुणी कुठल्या बँकेचे पैसे घेतले, वेळेवर फेडले की नाही, हे सगळं एक कंपनी लिहून ठेवते. त्यावरून आपल्याला मार्क देते. कर्ज द्यायच्या आधी बँक ते मार्क बघते."

"आणि तुला किती दिले?"

"साडेपाचशे. सातशेच्या वर लागतात."

शाळेत ही मुलगी कधी नापास झाली नव्हती. रोखशेठने चष्मा पुसला आणि तिने पुढे केलेला कागद हातात घेतला. कागदावर एकच नोंद होती, तांबड्या अक्षरांत. एक क्रेडिट कार्ड. थकबाकी. बँकेने बुडीत धरलेलं.

"तू कुठे कार्ड वापरतेस?"

"वापरलंच नाही कधी," मुलगी म्हणाली. "माझ्या पहिल्या नोकरीतलं ते. आठवतंय ना?"

त्याला आठवत होतं, न आठवायला झालंय काय. बँकेची माणसं तिच्या कचेरीत येऊन फुकट कार्डं वाटून गेली होती. मुलगी ते कौतुकाने घरी घेऊन आली, आणि त्या रात्री जेवणं झाल्यावर रोखशेठने सोफ्याचं कापड कापायची मोठी कात्री मागवून सगळ्यांच्या देखत त्या कार्डाचे चार तुकडे केले. वर छोटंसं भाषणही केलं. मुलीने हसून टाळ्या वाजवल्या. बायको तेवढी म्हणाली होती, "बँकेला कळवायला नको का हो?" त्यावर त्याने तिला उडवून लावलं होतं. कार्ड मेलं, आता मेलेल्याच्या नावाने काय कळवायचं?

मेलं होतं फक्त प्लास्टिक. खातं जिवंत होतं. पहिलं वर्ष फुकट गेल्यावर त्यावर वार्षिक शुल्क लागलं, ते भरलं नाही म्हणून दंड लागला, दंड भरला नाही म्हणून व्याज लागलं, आणि मग व्याज-दंडाची ती जोडी बँकेच्या कारभारात नांदते तशी सुखाने नांदत राहिली.

"बँक कळवत नाही का?" रोखशेठने विचारलं, पण त्याचा आवाज जरा खाली आला होता.

"पत्रं पाठवली म्हणे जुन्या पत्त्यावर. फोनही केले. माझा नंबर लग्नानंतर बदलला, आणि दुसरा नंबर मी दुकानाचा दिला होता. तुम्हाला आला होता का कधी फोन?"

"नाही बुवा," रोखशेठ म्हणाला.

आयुष्यात क्वचितच खोटं बोलणाऱ्या माणसाला ते पटकन बोलावं लागलं की कानशिलं तापतात. त्याची तापली. पत्रं आली होती. मुलीच्या नावाचा बँकेचा लिफाफा दिसला की त्यावर मोठ्या अक्षरांत "लग्न होऊन गेली आहे" असं लिहून तो टपालवाल्याच्या हाती परत देत असे. हीच शिस्त आहे असं त्याचं मत होतं. फोनही आले होते. पलीकडून "बँकेतून बोलतोय" एवढे शब्द आले की तो "आम्हाला कर्ज नको" असं ठणकावून फोन ठेवायचा आणि समोर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून छाती फुगवायचा. ही हकिकत त्याने किती जणांना ऐकवली होती त्याला गणती नव्हती. बँक त्याला कर्ज द्यायला नव्हे, थकलेले पैसे मागायला फोन करत होती.

"जाऊ दे बाबा," मुलगी म्हणाली. "टाळ्या तर मीच वाजवल्या होत्या. त्याला मी सांगितलंय, माझ्याकडूनच राहून गेलं म्हणून. तुम्हीही तेच सांगा. पगार झाला की सगळी थकबाकी भरून टाकते, मग बँकेला पुन्हा विचारू."

'त्याला' म्हणजे नवऱ्याला. आपली मुलगी आपल्याला जावयासमोर झाकून घेतेय हे रोखशेठला कळलं. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच लाजही वाटली.

"तू काही करू नकोस," तो म्हणाला. "ते मी बघतो."

"सगळे भरायचे, बाबा. बाकी काही नाही."

"अगं, मला शिकवतेस होय?"

वसुलीची कचेरी एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर होती. खालून वजनं आपटल्याचे आवाज येत आणि वर पाच-पंचवीस पोरंपोरी कानाला यंत्रं लावून लोकांना आठवणी करून देत बसलेली. रोखशेठच्या वाट्याला एक तरुण बाई आली. तिच्या टेबलावर एक वाळलेलं रोपटं होतं आणि महिन्याच्या उद्दिष्टाचा तक्ता चिकटवलेला होता. तिने मुलीचा खाते क्रमांक टाकला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. आकडा बघून रोखशेठचे डोळे पांढरे झाले. एवढ्या पैशांत बिजागऱ्यांसकट एक उत्तम लाकडी कपाट आलं असतं.

खरं म्हणजे इथेच त्याने पाकीट काढून पैसे मोजून द्यायला हवे होते. तेवढी रक्कम त्याने आणलीही होती. पण समोर किंमत आली की रोखशेठच्या अंगातला व्यापारी जागा होई, आणि तो जागा झाला की बापाला झोप लागे.

"कचेरी फार सुरेख आहे तुमची," तो म्हणाला. "उजेड छान. फक्त खुर्चीचा हात जरा ढिला आहे."

"हो ना काका, कधीची तक्रार केलीय."

"आणि हा आकडा?"

"हा आजच्या तारखेला आहे."

रोखशेठने चष्मा काढला, रुमाल काढला आणि पुसायला लागला. बाईने पडद्याकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं, रोपट्याकडे बघितलं. खाली कुणीतरी मोठं वजन आपटलं.

"दंड माफ करता येईल," ती म्हणाली.

तो पुसतच राहिला.

"काका, एकरकमी भरणार असाल तर सेटलमेंट करून टाकू. व्याज पण काढते."

रोखशेठ उठला, दारापर्यंत गेला, थांबला. "बरं, चहा तरी पाजा."

चहा यंत्रातला होता, कागदी पेल्यातला, अगदी पांचट. पण तो संपला तेव्हा आकडा तिसऱ्या हिश्शावर आला होता. बाईने तक्त्यावर एक खूण केली, त्याने रोख पैसे मोजून दिले आणि दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिलं. निघताना त्याच्या हातात शिक्क्याचं पत्र होतं, की सदर खातं परस्पर तडजोडीने मिटवण्यात आलं असून कसलीही रक्कम येणे नाही. न्यायाधीशाच्या टेबलानंतर एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

संध्याकाळी तो बायकोला घेऊन थेट मुलीच्या घरी गेला आणि हप्त्याच्या सोफ्यावर ऐसपैस बसला. पत्र त्याने मुद्दाम जावयाच्या हातात दिलं.

"वाचा जावईबापू. मुलीचा एक विसरभोळेपणा होता, मिटवून आलो. आणि किती दिले विचारा. तिसरा हिस्सा."

जावयाने पत्र वाचलं. मग परत वाचलं. मग त्याने ते मुलीकडे दिलं आणि तीही वाचता वाचता खाली बसली. या शांततेत मात्र कुणी किंमत उतरवणार नव्हतं.

"काय झालं? शिक्का बरोबर आहे ना?" रोखशेठने विचारलं.

"शिक्का बरोबर आहे, बाबा," जावई म्हणाला. तो बोलताना शब्द निवडत होता, वजनदार वस्तू जिन्यावरून उतरवताना पाय निवडावेत तसे. "फक्त काय होतं, पूर्ण पैसे भरले असते तर रिपोर्टात खातं 'बंद' असं लिहिलं असतं. आता 'सेटल्ड' असं लिहून येईल. म्हणजे या माणसाने देणं होतं तेवढं दिलं नाही, बँकेने नाइलाजाने कमी घेतलं. दुसरी बँक ते वाचते तेव्हा तिला वाटतं, आपल्यालाही कमीच मिळणार."

"पण मी कमी दिले यात वाईट काय?"

"कमी दिले हेच त्यात लिहितात, बाबा. आणि ते वर्षानुवर्षं राहतं."

"तुम्हाला हे कुठून ठाऊक?"

"मला ठाऊक ठेवावंच लागतं," जावई म्हणाला. "माझं सगळं हप्त्यावर असतं ना."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर रोखशेठला उत्तर देता आलं असतं. मुलगी म्हणाली, "मीच पाठवलं होतं बाबांना. मीच नीट सांगितलं नाही." बायकोने रोखशेठकडे एकदाच पाहिलं आणि मग ती उठून उगाचच चहाची भांडी विसळायला गेली. त्या रात्री घरी परतताना ती एक शब्द बोलली नाही, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिचं न बोलणं रोखशेठला पहिल्यांदाच महाग पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आधीच तो जिन्यात उभा होता.

"हे घ्या उरलेले," तो त्या बाईला म्हणाला आणि नोटांचं पुडकं टेबलावर ठेवलं. पुरी थकबाकी भरायला म्हणून त्याने आधीच एक सागवानी पलंग पडेल भावाला विकला होता, त्यातलेच हे.

बाईने पुडक्याला हात लावला नाही. "कसले उरलेले, काका? तुमचं काहीच राहिलं नाही."

"सूट दिलीत ना काल, ती परत घ्या."

"अशी सूट परत घेता येत नाही. खातंच मिटलं. पैसे टाकू कुठे?"

"मग उघडा खातं. दंड पण लावा. आणि ते व्याज, ते का सोडलंत तुम्ही? तुमचा हक्काचा पैसा होता तो."

बाईने चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसायला लागली. तिला खरंच काय बोलावं सुचत नव्हतं. पण रोखशेठला ती शांतता सोसेना.

"वर थोडे जास्त धरा हवं तर," तो म्हणाला.

आता मात्र बाईला काहीतरी काळंबेरं आहे असं वाटलं आणि तिने तिच्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. त्यांच्या नोकरीत लोक पैसे बुडवायला, पुढे ढकलायला, रडायला आणि भांडायला आले होते, पण मिळालेली सूट परत करायला कुणी आलं नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, होऊ शकतं. अर्ज करा, तो मुख्य कचेरीत जाईल, मंजूर झाला की उरलेली रक्कम भरा, मग नवं पत्र मिळेल, ते त्या रिपोर्टवाल्या कंपनीकडे जाईल आणि नोंद बदलेल.

"कधीपर्यंत?"

"दोन महिने, तीन महिने. घाई केली तर."

महिनाअखेरीला आठवडा उरला होता. रोखशेठने अर्ज लिहिला, त्यात 'कृपया' हा शब्द त्याच्या आजवरच्या आयुष्यापेक्षा जास्त वेळा आला. बाहेर पडताना बाईने विचारलं, "चहा घेणार का, काका?" तो नको म्हणाला.

मुलीने तरी हार मानली नव्हती. ती पुन्हा बँकेच्या शाखेत गेली, कर्ज विभागाच्या साहेबाशी बोलली, आणि साहेब म्हणाला, घरातला दुसरा कुणी भक्कम माणूस अर्जात मुख्य म्हणून उभा राहिला तर बघता येईल. दुसऱ्या दिवशी मुलगी, जावई आणि रोखशेठ असे तिघं त्याच्या काचेच्या खोलीत बसले होते. रोखशेठने ठेवणीतला कोट घातला होता. भक्कम हा शब्द ऐकल्यावर त्याला जरा जीवात जीव आल्यासारखं झालं होतं.

"मी उभा राहतो," तो म्हणाला. "दुकान माझं, घर माझं, डोक्यावर एक पैशाचं देणं नाही. आयुष्यात कधीच नव्हतं. बाजारात कुणालाही विचारा."

"वा," साहेब म्हणाला आणि त्याने रोखशेठचा ओळख क्रमांक घालून कळ दाबली. पडद्यावर एक चक्र फिरलं. मग साहेबाने पुढे वाकून पाहिलं.

"काका, तुमचा काही इतिहास नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही कधी काही घेतलं नाही, त्यामुळे फेडलं की नाही हे कुणाला ठाऊक नाही. स्कोअरच तयार होत नाही."

"अहो, घेतलंच नाही तर बुडवणार काय?"

"बरोबर आहे तुमचं. पण सिस्टिमला तसं म्हणता येत नाही. तिला तुम्ही माहीतच नाही."

एवढ्या वर्षांचा एवढा मोठा टेंभा, आणि ज्या एका ठिकाणी तो पेटायला हवा होता तिथे त्याला वातच नव्हती. रोखशेठला राग यायला हवा होता. पण राग आला नाही, दुखलं. आपण इतकी वर्षं जपलेली वस्तू कुणी घ्यायला आलं नाही, म्हणून नव्हे. मुलीला ती उपयोगी पडली नाही, म्हणून.

मग साहेबाने जावयाचा क्रमांक घातला. चक्र पूर्ण फिरलंही नाही. साहेब खुर्चीत ताठ बसला आणि नंतर त्याने तिघांसाठी कॉफी मागवली.

"आठशेच्या वर," तो जावयाला म्हणाला. "इतकी खाती आणि एकही हप्ता एक दिवस उशिरा नाही. तुम्हाला तर आम्हीच फोन करायला हवा होता. तुम्ही मुख्य अर्जदार व्हा, त्या सहअर्जदार. मशीन, केबिन, सगळं बसतं यात."

मुलीने टेबलाखाली नवऱ्याचा हात धरला. काम झालं होतं. रोखशेठने कॉफीचा घोट घेतला, ती यंत्रातली असूनही चांगली लागली.

"फक्त एक करा," साहेब कागद चाळत मुलीला म्हणाला. "तुमच्या रिपोर्टातल्या त्या कार्डाचा खुलासा लागेल. का थकलं, चार ओळी. फाइलीला जोडायचंय."

मुलीने कोरा कागद घेतला आणि लिहायला लागली. हातात काम असलं की ती हळू आवाजात स्वतःशी वाचते, ही तिची लहानपणापासूनची सवय. "सदर कार्ड माझ्या निष्काळजीपणामुळे..."

"थांब," रोखशेठ म्हणाला.

"बाबा, असू दे."

"नाही. साहेब, ते कार्ड मी कापलं. हिने नाही. मीच चार तुकडे केले आणि बँकेला कळवू दिलं नाही." तो आता जावयाकडे वळला होता, आणि बोलणं साहेबाशी चाललंय हे विसरला होता. "पत्रं आली ती मी परत पाठवली. फोन आले ते मी तोडले, वर लोकांना सांगत सुटलो की मी बँकेला कसं गप्प केलं. आणि त्या दिवशी सगळे भरा म्हणून हिने सांगितलं होतं, तर तिथे जाऊन घासाघीस करून आलो. हिचं यात काही चुकलं नाही. हिने तुम्हालाही माझ्यासाठी खोटं सांगितलं, जावईबापू."

जावयाने कॉफीचा पेला खाली ठेवला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं काही वाईट नव्हतं.

"तर तसं लिहा," रोखशेठ साहेबाला म्हणाला. "माझं नाव घालून लिहा."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "काका, मला समजलं. पण तसं लिहिता येणार नाही. कार्ड यांच्या नावावर आहे. दुसऱ्या कुणी परस्पर काही केलं असं लिहिलं की तो फसवणुकीचा प्रकार होतो. मग पोलिसात तक्रार लागते, चौकशी होते, ती संपेपर्यंत फाइल थांबते. तुम्ही मुलीला तुमच्यावर तक्रार करायला लावणार का?"

जागामालक आता आणखी दोनच दिवस थांबणार होता.

"मग काय लिहायचं?" रोखशेठने विचारलं.

"त्या लिहितायत तेच. आमच्याकडे निष्काळजीपणा चालतो."

मुलीने पुढे लिहिलं. या वेळी ती पुटपुटली नाही. खोलीत कागदावर पेन घासल्याचा तेवढा आवाज येत होता. चार ओळी लिहून तिने खाली सही केली. कुणाला ऐकू येतं आणि कुणाला येत नाही हे ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं; वडिलांना तो आवाज ऐकू येतोय हे तिला ठाऊक होतं, आणि तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"खाली एका साक्षीदाराची सही," साहेब म्हणाला. "अर्जदार चालत नाही. घरातलं दुसरं कुणीही."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"माझी चालेल?" रोखशेठने विचारलं. "मला स्कोअर नाही म्हणालात."

"साक्षीदाराला स्कोअर लागत नाही, काका."

जावयाने आपलं पेन उघडून त्याच्यापुढे धरलं. मुलीने कागद त्याच्याकडे सरकवला, पण सरकवताना वरच्या मजकुरावर तळहात पसरून ठेवला, त्याला ते वाचावं लागू नये म्हणून. रोखशेठने तिचा हात हळूच बाजूला केला, मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, आणि मुलीच्या निष्काळजीपणाला साक्षीदार म्हणून सही केली.